सुकी रोज काय विसरते

सकाळच्या वेळी वर्षा तामोरेशी कोणी गोड बोलायला जाऊ नये, हे वरोरहून डहाणूला येणाऱ्या शेअर रिक्षावाल्यांनासुद्धा माहीत झालं होतं. रिक्षा सुरू होते न होते तोच तिच्या पर्समधला ऑफिसचा मोबाईल एकदा वाजायचा आणि बंद पडायचा. मिस कॉल. मग दुसरा. मग तिसरा. वर्षा रिक्षाबाहेर बघत दात आवळून बसायची, आणि शेजारच्या मासळीवाल्या मावश्या एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, "सुरू झालं हिचं."

काम तसं मानाचं होतं. वर्षाची संस्था डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, पाड्यापाड्यावर बालवाड्या चालवायची. २०१५ साली संस्थेचे प्रमुख नविनसर मुंबईला कुठलंसं शिबिर करून आले आणि त्यांनी सगळं ऑफिस उचलून इंटरनेटवर ठेवलं. मुलांची हजेरी, वजनं, फोटो, खिचडीचं सामान, सगळं वर. प्रत्येक बालवाडीच्या ताईला एक मोबाईल मिळाला, एक अकाउंट मिळाला आणि एक पासवर्ड मिळाला. ज्या पोरानं हे सगळं उभं केलं त्याला वापीत चांगली नोकरी लागली, तो गेला, आणि त्याच्या टेबलाच्या सगळ्यात जवळ वर्षा बसायची म्हणून वर्षा अॅडमिन झाली. अहो, अशीच होतात माणसं अॅडमिन.

आता अॅडमिन म्हणजे काय, तर दिवसभर विसरलेले पासवर्ड नवे करून देणं. ताईंनी मिस कॉल द्यायचा, ऑफिसनं उलट फोन करायचा, म्हणजे ताईंचा बॅलन्स खर्च होत नाही, असा संस्थेचा नियमच होता. वर्षा फोन लावायची, पासवर्ड बदलायची, एकेक अक्षर सांगायची, पलीकडून "हां ताई, हां ताई" यायचं, आणि दुपार झाली की तिच्या लक्षात यायचं की आपण सकाळपासून स्वतःचं एकही काम केलेलं नाही. देणगीदारांचे अहवाल तुंबले होते. नविनसर रोज एकदा तिच्या टेबलापाशी येऊन नुसते उभे राहायचे. ओरडायचे नाहीत, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

आणि या सगळ्यांत वरचा नंबर सुकीचा. सुकी खरपडे, उधव्याच्या मोहपाड्यावरची बालवाडीताई. बाकीच्या आठवड्यातून एखाद्या वेळी विसरायच्या, सुकी रोज विसरायची. रविवार सोडून रोज. वर्षा रिक्षातूनच तिला फोन लावायची आणि तिच्यावर तोंडसुख घ्यायची. "सुकी, अगं काय डोकं आहे की काय आहे? किती वेळा सांगायचं? उशीर होतोय, ऊठ, जा, हजेरी भर पटकन." पलीकडून सुकी अगदी शांतपणे म्हणायची, "हां ताई. निघालेच." कधी रागावली नाही, कधी उलट बोलली नाही. वर्षाला वाटायचं, ही बाई एक तर देवमाणूस आहे, नाही तर ठार बहिरी आहे.

दिवाळीनंतर वर्षानं कंबर कसली. तिनं अॅडमिनची सगळी पानं उलटीपालटी केली, इंटरनेटवर धुंडाळलं, दोनदा सगळं बंद पाडलं, पुन्हा चालू केलं, आणि एक सोय शोधून काढली. ताई पासवर्ड विसरली तर तिनं स्क्रीनवरचं एक बटण दाबायचं, तिच्याच मोबाईलवर मेसेजमध्ये आकडा येतो, तो टाकायचा की नवा पासवर्ड आपला आपण ठेवता येतो. ऑफिसला फोन नको, मिस कॉल नको, वर्षा नको. तिनं सगळ्या ताईंचे नंबर एका शीटमध्ये भरले आणि एका दमात वर चढवले. तलासरीत मीटिंग घेऊन सगळ्यांना करून दाखवलं. सुकीला तर पुढे बसवून तिच्याकडून करून घेतलं, आणि सुकीनं ते पहिल्या फटक्यात बरोबर केलं. वर्षाच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. चुकचुकली नाही.

दुसऱ्या आठवड्यात फोन बंद झाला. म्हणजे बिघडला नाही, वाजायचाच बंद झाला. रिक्षातल्या मावश्यांनी विचारलं, "नोकरी सोडलीस का गं?" वर्षानं तुंबलेले अहवाल संपवले, रजेच्या अर्जाचं नवं पान तयार केलं, आणि दुपारी चक्क वेळेवर डबा खाल्ला. नविनसर टेबलापाशी आले, उभे राहिले आणि म्हणाले, "छान." वर्षाला त्या एका शब्दाचं इतकं बरं वाटलं की घरी जाऊन तिनं आईलाही सांगितलं.

मग एके दिवशी सुपरवायझर मुकेश मोटारसायकलवरून धुळीनं माखून आला आणि सरांच्या खोलीत गेला. बाहेर आल्यावर वर्षाला म्हणाला, "मोहपाड्याची बालवाडी बंद असते. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा कुलूप. सुकी चिकूच्या वाडीत कामाला जाते म्हणे."

सरांनी वर्षाला आत बोलावलं. "तिला काढू. उधव्यातलीच एक बारावी झालेली मुलगी आहे, ती तयार आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत सुकीचा अकाउंट बंद कर. नाही तरी ती बाई तुझं डोकंच खात होती."

वर्षा हो म्हणाली आणि टेबलापाशी आली. अकाउंट बंद करायला एक बटण पुरतं. बोट तिथवर गेलंही. पण पोरीचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट अर्धवट कळली तर तिला अन्न गोड लागत नाही. तिला वाटलं, नवी सोय सुकीला जमली नसेल, लाजेपायी बोलली नसेल, म्हणून तिनं बालवाडीच सोडली असेल. तसं असेल तर चूक आपली. म्हणून तिनं सुकीच्या अकाउंटची मागची नोंद उघडली. कोण कधी आत शिरलं, कोणाला पासवर्ड चालला, कोणाला नाही, हे सगळं अॅडमिनला दिसतं.

आणि तिथं तिनं जे बघितलं त्यानं तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. सुकीचा पासवर्ड कधीच चुकला नव्हता. एकदाही नाही. रोज सकाळी ती व्यवस्थित आत शिरली होती, आणि आत शिरल्यावर लगेच तिनं मिस कॉल देऊन सांगितलं होतं की विसरले. घराचं दार सताड उघडं, आत चूल पेटलेली, आणि बाई शेजारणीकडे किल्ली मागायला उभी. कशासाठी?

वर्षानं फोन लावला. "हां ताई," सुकी म्हणाली, मागे कसलासा गलका होता, आणि फोन कट झाला.

शनिवारी वर्षा उधव्याला गेली. तलासरीपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि शेवटी पायी, कारण जीपवाला म्हणाला मोहपाड्याला गाडी उतरते पण चढत नाही. बालवाडीला कुलूप होतं. ओट्यावर चार-पाच पोरं बसली होती, त्यांनी तिच्याकडे मोठ्या आशेनं बघितलं. शेजारीच सुकीचं घर. दारात एक म्हातारी पाय पसरून बसली होती. ही भिकी, सुकीची सासू.

"सुकी कुठे आहे?"

"कामाला."

"बालवाडी तर बंद आहे."

"कामाला गेली म्हनून सांगतलं ना," भिकी म्हणाली आणि तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं. पाणीही विचारलं नाही. या पाड्यांवर दारात आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, ते वर्षाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

वर्षा दुपारपर्यंत ओट्यावर पोरांबरोबर बसली. टेम्पो आला, बायका उतरल्या, त्यांत सुकी होती, हात चिकूच्या चिकानं काळपट झालेले. वर्षाला बघून ती दचकली. मग तिनं घरातून हंडा उचलला आणि डोळ्यांनीच खूण केली. दोघी विहिरीकडे निघाल्या.

"पासवर्ड येतो ना तुला?" वर्षानं वाटेतच विचारलं.

"येतो."

"कधी विसरलीस?"

"नाय विसरले."

"मग बये, रोज सकाळी माझा जीव का खात होतीस?"

सुकीनं हंडा काठावर ठेवला. मग म्हणाली, "ताई, तुमच्याकडं कसं असतं माहीत नाय. आमच्याकडं बोलावल्याबिगर कोणी कामाला जात नाय. मुकादम सकाळी टेम्पो घेऊन येतो, अंगणात उभा राहतो नि एकेकाचं नाव घेतो. नाव घेतलं तो टेम्पोत बसतो. नाय घेतलं तो घरी. सासू सांगते, बोलावतात ते काम. आपणहून जातं ते फिरणं. तुमच्या बालवाडीला मला कोण बोलावतं?"

वर्षा विहिरीच्या काठावरच टेकली.

"म्हणून मिस कॉल द्यायचे," सुकी म्हणाली. "चुलीमागं जाऊन. मग तुमचा फोन यायचा, तो सासूसमोर स्पीकरवर लावायचे. तुम्ही ओरडायच्या, सुकी ऊठ, उशीर झाला, जा. सासू ऐकायची. सांगायची, जा बाई, तुझा मुकादम फार तापट दिसतो. मुकादम दारात आला तरी तीच त्याला सांगायची, हिला दुसरीकडनं बोलावणं आलं."

वर्षाला हसूही आलं आणि लाजही वाटली. इतके महिने आपण जिच्यावर खेकसत होतो, ती ते खेकसणं जपून वापरत होती.

"मग सरळ सांगायचं ना, की ताई, मला रोज फोन करा."

"कसं सांगायचं? ट्रेनिंगला तुम्हीच बोललात, पासवर्ड विसरला तरच फोन करायचा. दुसऱ्या कशाला करायचा असं नाय बोललात." सुकीनं हंडा भरला. "आणि मग तुम्ही ते बटण आणलं. आता विसरले सांगितलं तर तुम्ही बोलणार, बटण दाब. बटण दाबलं की मेसेज येतो. मेसेज ओरडत नाय."

बालवाडी सोडायची नव्हती तिला. हे तिनं दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज फाटला. कोणत्या पोराचं वजन कुठे अडकलंय हे ती चालता चालता सांगत गेली, आणि घर जवळ आलं तशी गप्प झाली.

परतीच्या जीपमध्ये वर्षाच्या डोक्यात चक्र सुरू होतं. रोज फोन करायचा? म्हणजे पुन्हा तेच? सरांना काय सांगायचं, की अॅडमिननं एवढा खटाटोप करून वाचवलेला वेळ आता एका बाईला ओरडण्यात जाणार आहे? आणि एकदा वेळ वाचवायची चटक लागली की माणूस सुधारत नाही. वर्षानं रविवारी घरी बसून सुकीच्या अकाउंटमधल्या कॅलेंडरमध्ये रोज सकाळी वाजत राहणारा गजर लावला. फोनच्या रिंगसारखीच रिंग. सुकीला फोनवर समजावलं, वाजला की कानाला लावायचा आणि "हां ताई, निघालेच" म्हणायचं.

सोमवारी बालवाडीचा फोटो आला. मंगळवारी आला. वर्षा खूश. बुधवारी फोटो आला नाही, आणि दुपारी एका अनोळखी नंबरवरून मिस कॉल आला.

"सासूनं मोबाईल हातातून घेतला," सुकी म्हणाली. "कानाला लावला. बोलली, ह्यात तर कोणीच नाय. मला बोलली, खोटारडी. मुकादम दारातच होता. तिनंच मला टेम्पोत बसवलं. मोबाईल तिनं कमरेला खोचलाय ताई. आता वाडीतनं, शेजारच्या पुतळीच्या मोबाईलवरनं बोलते."

शुक्रवार दोन दिवसांवर आला होता. नविनसरांनी जाता जाता विचारलं, "झालं का ते मोहपाड्याचं?" वर्षा म्हणाली, "करते सर." खोटं नव्हतं, फक्त काय करते ते तिलाच माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती रिक्षात बसली नाही. वरोरच्या नाक्यावर, जाळी वाळत घातली होती तिथं कडेला जाऊन उभी राहिली आणि सुकीचा नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग कोणीतरी उचलला आणि नुसतं खोकलं.

"कोन?"

"मी ऑफिसातून बोलते. वर्षा. सुकी आहे का?"

"पानी भराय गेली." मग तिनं विचारलं, "तू खरी हायेस, का त्या दिवशीसारखी?"

"खरी आहे आजी. ते त्या दिवशीचं माझंच चुकलं."

"त्या दिवशी ओट्यावर बसलेली, तीच का तू?"

"तीच."

"तूच वरडतेस रोज?"

"हो."

"एवढीशी पोर," भिकी म्हणाली. तिला त्याचं वाईट वाटलं की बरं, ते आवाजावरून कळेना. तेवढ्यात मागे टेम्पोचा हॉर्न वाजला. भिकीनं फोन बंद केला नाही. वर्षाला पलीकडचं अंगण ऐकू येत होतं, कोंबडी, कोणाचं तरी रडतं पोर, आणि एका पुरुषाचा खणखणीत आवाज. "हाल्या. रखमी. पुतळी. सुकी." हाल्या म्हणजे सुकीचा नवरा, भिकीचा मुलगा; रखमी आणि पुतळी शेजारच्या. मग आवाज पुढच्या घराकडे गेला.

"ऐकलंस?" भिकीनं विचारलं.

"ऐकलं."

"माझं नाव घेतलं त्यानं?"

"नाही," ती म्हणाली.

"दोन सालं झाली घेत नाय. सांगतो, म्हातारीला दिसत नाय, कच्ची फळं तोडते. चांगलं दिसतं मला. रोज सकाळी दारात बसून ऐकते, आज घेईल, उद्या घेईल." मग ती म्हणाली, "ह्या घरात दोन बाया हायत. तुझा फोन येतो, तू पन एकीलाच बोलावतेस."

संस्थेत माणूस घ्यायचा तिला काडीचा अधिकार नव्हता. अकाउंट देण्याचा होता, काढण्याचा होता, पण त्याचा इथं काय उपयोग? तरी ती म्हणाली, "आजी, तुम्हीपण या ना बालवाडीत."

"आजी आजी काय करतेस? पाव्हनी हाय का मी? बोलवायचं तर नाव घेऊन बोलव."

वर्षाच्या घरात आईच्या वयाच्या बाईला कोणी एकेरी हाक मारली असती तर थोबाड रंगलं असतं. जाळ्यांपाशी उभ्या असलेल्या दोन माणसांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, कारण तिचा आवाज रोजच्यासारखा, रिक्षातल्यासारखा चढला होता.

"भिकी. सुकी. उशीर झालाय. पोरं दारात उभी आहेत. दोघी निघा."

पलीकडून पाय घासत चालल्याचा आवाज आला, आणि भिकी अंगणात कोणाला तरी सांगत होती, "सुकीचं नाव काट. आमाला दुसरीकडनं बोलावनं आलंय."

शुक्रवारी दुपारी नविनसर अकाउंटचं विचारायला आले. वर्षानं मोहपाड्याचे गुरुवारचे आणि शुक्रवारचे फोटो उघडून त्यांच्यासमोर केले. ओट्यावर पोरांची रांग होती. सुकी वजनकाट्यापाशी होती. आणि मधोमध भिकी पाय पसरून बसली होती, एक पोर मांडीवर, दुसरं पाठीवर, आणि समोर उभ्या असलेल्या तिसऱ्याला ती बोट दाखवून काहीतरी दरडावत होती. सर वाकून बघत राहिले. सुकीला काढायचा विषय त्यांनी मग काढला नाही.

"ही म्हातारी कोण? आपल्या यादीत दिसत नाही," ते म्हणाले. "हिचा अकाउंट आहे?"

"नाही सर. त्यांना फोन करून बोलवावं लागतं."

"कधी कधी?"

"रोज," वर्षा म्हणाली.